लेथवाल्याचे बिल आणि आपल्या उसाचा उतारा



या पानावर शेतकी खात्यातर्फे आम्ही नेहमी बेणे, लागण, खतांचे हप्ते आणि खोडव्याची निगा याविषयी लिहितो. या वेळी लिहिणार आहोत ते लेथ मशीनविषयी, आणि लेथ चालवणाऱ्या छोट्या कारखानदारांच्या संघटनेविषयी. "ऊसवाल्याला लेथचे काय घेणे?" असे कोणी म्हणेल. पण गाळपाच्या ऐन भरात रात्री दोन वाजता मिलचा एखादा शाफ्ट गेला, तर शिवारात तोडून पडलेल्या उसाचे काय होणार हे कुठल्या तरी लेथवरच ठरते. म्हणून हा विषय आपलाच आहे.

साधा हिशेब मांडू. रोज २५०० टन गाळप करणारा कारखाना तासाला सुमारे १०४ टन ऊस गव्हाणीत घेतो. बारा तास मिल बंद पडली की १२५० टन ऊस गाडीअड्ड्यावर आणि फडात तसाच राहतो. तोडलेला ऊस २४ तासांच्या आत गाळला जावा हे आपण सगळे जाणतो. पुढे ऊस वाळतो, वजन घटते, साखर मोडते. वजनातली घट थेट सभासदाच्या काट्यावर दिसते. उताऱ्यातली घट लगेच दिसत नाही, पण हंगामाच्या सरासरीत ती येतेच. केंद्र सरकारचा रास्त व किफायतशीर दर, म्हणजे आपली एफआरपी, अलीकडच्या हंगामांत १०.२५ टक्के उताऱ्याला धरून जाहीर होते, आणि उतारा त्याखाली गेला की ९.५ टक्क्यांपर्यंत दरही त्या प्रमाणात उतरतो. एका बंदने फार फरक पडत नाही. पण अशा दहा बंदांची बेरीज झाली की ती आपल्या बिलात उतरते.

आता हा शाफ्ट, हे बुश, हे पंपाचे इंपेलर आणि कपलिंग घडवते कोण? मोठी यंत्रे मोठ्या कंपन्यांकडून येतात हे खरे. पण ऑफ सीझनच्या ओव्हरहॉलिंगला आणि हंगामातल्या अडीअडचणीला उपयोगी पडतात ती पाच-दहा माणसांची वर्कशॉप. मालक स्वतः ॲप्रन बांधून मशीनवर उभा असतो आणि त्याची बायको बिलांची फाईल सांभाळते.

बिबवेवाडीच्या बाजूला

पुण्यात स्वारगेटहून सातारा रस्त्याला लागले की डाव्या हाताला गुलटेकडीचे मार्केट यार्ड आणि त्याला लागून बिबवेवाडी. आपल्यापैकी अनेकांनी गुळाच्या ढेपा घेऊन, नाही तर कांदा-भाजीचा ट्रक घेऊन यार्डात रात्री काढल्या आहेत. बिबवेवाडीत मात्र आपण सहसा शिरत नाही. शिरलोच तर कामगार विमा योजनेच्या रुग्णालयात कोणाला तरी पाहायला, किंवा अप्पर इंदिरानगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजात मुलाच्या ॲडमिशनला. ते कॉलेज १९८३ साली सुरू झाले. आज या भागात मोठमोठ्या इमारती आणि सोसायट्या उभ्या आहेत, पण सातारा रस्त्याच्या बाजूने आणि आतल्या गल्ल्यांत अजून छोट्या शेड दिसतात. कुठे लेथ, कुठे मिलिंग, कुठे पत्र्याचे काम, कुठे छपाई आणि पॅकिंग.

अशाच एका शेडचा मालक आमच्या परिचयाचा आहे. तो उसाच्या पट्ट्यातला, दोन एकर बागायतदाराचा मुलगा. डिप्लोमा केला, आठ वर्षे नोकरी केली, मग दोन जुनी मशीन घेऊन स्वतःचे सुरू केले. काम चोख. कोटेशन दिले की शब्द पाळणार. त्याला काम कमी नाही, कमी आहे तो हाती येणारा पैसा. आम्ही त्याला विचारले, "धंदा कसा चाललाय?" तो म्हणाला, "साहेब, धंदा चांगला आहे, पण वसुलीने जीव खाल्लाय. माल पंधरा दिवसांत मागतात आणि बिल सहा महिन्यांनी काढतात. तोवर कामगारांचा पगार, लाइटबिल, बँकेचा हप्ता कोणी थांबवत नाही."

हे ऐकताना आम्हाला ओळखीचे वाटले. उसाचे बिल लांबल्यावर सभासद आमच्यासमोर टेबलाला टेकून हेच बोलतात. शब्दसुद्धा तेच असतात.

आपले १४ दिवस, त्यांचे ४५ दिवस

सरकारने दोघांनाही कायदा दिला आहे. आपल्यासाठी १९६६ चा ऊस नियंत्रण आदेश. ऊस दिल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यायचे. नाही दिले तर उशिराच्या काळावर वर्षाला १५ टक्के व्याज. एक लाख रुपयांचे बिल सहा महिने अडले तर ७५०० रुपये व्याज होते. कारखान्याने पैसे थकवले तर साखर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढू शकतात.

लघुउद्योजकासाठी २००६ चा सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग विकास कायदा आहे. लेखी करार असेल तर ठरलेल्या तारखेला, पण माल स्वीकारल्यापासून जास्तीत जास्त ४५ दिवसांत पैसे मिळाले पाहिजेत. करार नसेल तर १५ दिवसांत. उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक दराच्या तिप्पट व्याज, आणि तेही दरमहा चक्रवाढ. बँक दर ६ टक्के धरला तर व्याज १८ टक्के. चार लाखांचे बिल मुदतीनंतर सहा महिने अडले तर व्याजच सुमारे ३७ हजार ४०० रुपये होते. तक्रार नेण्यासाठी सुकरता परिषद आहे. परिषदेच्या निवाड्याविरुद्ध खरेदीदाराला कोर्टात जायचे तर आधी रकमेच्या ७५ टक्के भरावे लागतात. यातली एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. हे संरक्षण सूक्ष्म आणि लघु उद्योगाला आहे, मध्यम उद्योगाला नाही.

शिवाय आयकर कायद्यात नवी तरतूद आली, ती आर्थिक वर्ष २०२३-२४ पासून लागू झाली. सूक्ष्म वा लघु उद्योगाचे बिल मुदतीत दिले नाही, तर तो खर्च त्या वर्षी वजावटीला धरता येत नाही. ज्या वर्षी पैसे दिले त्या वर्षी धरायचा. त्यामुळे ज्यांच्या टेबलावर लघुउद्योजकाच्या चिठ्ठीचा उपयोग होत नव्हता, तिथे चार्टर्ड अकाउंटंटच्या चिठ्ठीचा होऊ लागला.

मग प्रश्न सुटला का? आमच्या त्या परिचिताला हेच विचारले. तो म्हणाला, "कायदा मला पाठ आहे, साहेब. पण माझे निम्म्याहून जास्त काम दोन गिऱ्हाइकांवर चालते. मी एकट्याने तक्रार केली तर व्याज मिळेल, पण पुढची ऑर्डर मिळेल का?"

सगळे गाडे इथेच अडते. कायद्याने दिलेला हक्क एकट्या माणसाच्या हातात लुळा पडतो. आपला १४ दिवसांचा नियम १९६६ पासून कागदावर होता. तो अंमलात यावा म्हणून ऊस उत्पादकांना संघटित व्हावे लागले, मोर्चे काढावे लागले, कोर्टाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. हा इतिहास आपल्याला सांगायला नको.

संघटना करते काय?

पुण्यात या कामाची जुनी परंपरा आहे. मराठा चेंबर ऑफ कॉमर्स ही संस्था १९३४ साली स्थापन झाली. तिच्या उभारणीत आ. रा. भट यांचा मोठा वाटा होता. त्या काळी व्यापार आणि कारखानदारी म्हणजे मुंबई असेच समीकरण होते. पुण्याच्या बाजूच्या छोट्या कारखानदाराचे आणि व्यापाऱ्याचे म्हणणे सरकारदरबारी मांडायला कोणी तरी हवे, या गरजेतून चेंबर वाढले. पुढे संस्थेच्या नावात इंडस्ट्रीजबरोबर ॲग्रिकल्चर, म्हणजे शेतीही आली. त्याच्याही आधी, १९२७ साली, वालचंद हिराचंद यांनी महाराष्ट्र चेंबर ऑफ कॉमर्सची स्थापना केली होती. हेच वालचंद शेठ इंदापूर तालुक्यात साखर कारखाना काढणारे. त्यांच्या नावाचे वालचंदनगर साखर कारखान्यांची यंत्रे करण्यासाठी ओळखले जाते. साखर आणि कारखानदारांची संघटना यांचे नाते असे जुने आहे.

मार्केट यार्डातल्या घाऊक व्यापाऱ्यांची दि पूना मर्चंट्स चेंबर ही वेगळी संघटना. ना नफा ना तोटा तत्त्वावरचा तिचा दिवाळीचा लाडू-चिवडा पुणेकरांना ठाऊक आहे. गूळ, साखर आणि भुसाराच्या व्यापाऱ्यांचे प्रश्न मांडणे हे तिचे रोजचे काम.

आता अशा संघटनेचे काम आपल्या भाषेत समजून घेऊ.

पहिले काम माहितीचे. सरकारचे परिपत्रक निघते ते इंग्रजी कायदेशीर भाषेत. दिवसभर मशीनवर उभा राहणारा माणूस ते वाचणार कधी? संघटना ते सोपे करून सांगते, व्याख्याने ठेवते, मासिक काढते. मराठा चेंबरचे 'संपदा' हे मराठी मासिक याच जातीचे. आपले हे वार्तापत्र तरी दुसरे काय करते?

दुसरे काम सामाईक सोयींचे. माती परीक्षणाची प्रयोगशाळा प्रत्येक सभासदाने घरी काढायची म्हटली तर जमेल का? म्हणून ती सर्वांची मिळून असते. तसेच मालाची तपासणी करणारे महागडे यंत्र एका शेडला परवडत नाही. मग सरकार, महापालिका आणि उद्योजक मिळून एक केंद्र उभे करतात, त्याला क्लस्टर म्हणतात. चिंचवडला मोटार उद्योगासाठी ऑटो क्लस्टर आहे आणि भोसरीला मराठा चेंबरने उभे केलेले इलेक्ट्रॉनिक क्लस्टर आहे. तासाचे भाडे भरा, काम करून घ्या.

तिसरे काम ओळख देण्याचे. परदेशी माल पाठवायचा तर तो माल कुठल्या देशात तयार झाला याचा दाखला लागतो. असे दाखले चेंबर देते. छोट्या कारखानदाराने नवे काही शोधून काढले तर त्याची कदर करते. चेंबरचा पारखे पुरस्कार त्यासाठीच आहे. बँकेच्या दारात तारण नसलेल्या माणसाला पत हमी योजनेची वाट दाखवते. ही हमी योजना सन २००० पासून आहे, पण ती मागायची कशी हेच अनेकांना माहीत नसते.

चौथे काम म्हणजे आवाज. एकट्याने तक्रार केली की त्याचे नाव गिऱ्हाइकाच्या वहीत लाल शाईने लिहिले जाते. पण "आमच्या इतक्या सभासदांची इतकी येणी इतके दिवस थकली आहेत" असे संघटनेचे पत्र गेले की त्यात कोणा एकाचे नाव नसते. सरकारपुढे गाऱ्हाणे मांडायचे तेही असेच. २०२० च्या टाळेबंदीनंतर कारखाने कितपत सुरू झाले, कामगार किती परतले, याची पाहणी मराठा चेंबरने सभासदांकडून करून घेतली आणि आकडे पुढे ठेवले. गाऱ्हाण्याला आकड्यांची जोड मिळाली की अधिकाऱ्यालाही ते ऐकावे लागते.

बाहेरच्या देशांचा एक दाखला देतो. जर्मनीत १९५६ च्या कायद्याने व्यापारी-औद्योगिक चेंबरचे सभासदत्व उद्योगांना सक्तीचे आहे. शिकाऊ मुलांची कारागिरीची परीक्षासुद्धा ही चेंबर्सच घेतात. त्यामुळे खेड्यातल्या छोट्या कारखान्यात शिकलेल्या मुलाच्या दाखल्याला देशभर किंमत असते. आपल्याकडे सभासदत्व खुशीचे आहे. ज्याला गरज जास्त तोच लांब राहतो, कारण त्याला वेळ नसतो आणि वर्गणीही जड वाटते.

संघटनेच्या मर्यादा

हे सगळे वाचून संघटना म्हणजे जादूची कांडी असे कोणी समजू नये. संघटना माल विकत घेत नाही, ऑर्डर आणून देत नाही, डिव्हिडंडही देत नाही. ती कायद्याचा कागद हातात देते आणि पाठीशी उभी राहते. अर्ज ज्याचा त्याने करायचा.

दुसरी अडचण जास्त नाजूक आहे. चेंबरमध्ये मोठे कारखानदारही सभासद असतात आणि छोटेही. पैसे येणे असलेला आणि देणे असलेला एकाच सतरंजीवर बसतो. मग उशिरा बिल देणाऱ्याला बोलायचे कोणी? सहकारात वाढलेल्या आपल्या लोकांना हे कोडे नवे नाही. ऊस घालणारेही आपण आणि कारखान्याचे मालकही आपणच. दर वाढवून मागतो ते एका तोंडाने आणि कारखाना तोट्यात जाऊ नये म्हणतो ते दुसऱ्या तोंडाने. यातून वाट एकच निघते. हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा. एकाच सतरंजीवर बसण्याचा फायदाच तो, की लपवायला जागा राहत नाही.

आता आपल्या घराकडे

१९५० साली प्रवरेला पहिला सहकारी साखर कारखाना सुरू झाला, विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांच्या पुढाकाराने. एकट्याने गुऱ्हाळ चालवून गुळाच्या भावावर नशीब सोपवणाऱ्या शेतकऱ्याला तेव्हा कळले की दहा जण मिळून उभे राहिले तर भाव आपण ठरवू शकतो. आज तोच सहकारी कारखाना बाजारात मोठा खरेदीदार झाला आहे. आपल्या स्टोअरमध्ये येणारा माल अनेक ठिकाणी आपल्यासारख्याच धडपड्या माणसाने घडवलेला असतो. आपण १४ दिवसांचा आग्रह धरतो. मग त्याच्या ४५ दिवसांचे काय?

शेतकी खात्याने हिशेब खात्यात नाक खुपसू नये, असे कोणी म्हणेल. पण हंगामात मिल थांबली की तोडणीच्या टोळ्या आमच्याच अंगावर येतात आणि सभासद आमच्याच ऑफिसात येतात. ज्या वर्कशॉपचे गेल्या हंगामाचे बिल अजून मिळालेले नाही, तो मालक रात्री दोन वाजता फोन उचलेल का? उचलला तरी आपले काम आधी करील, की रोख देणाऱ्या गिऱ्हाइकाचे? आणि एके दिवशी त्याने मशीन विकून शेडला कुलूप लावले, तर तसा हात असलेला कारागीर कुठून आणणार? त्याची उधारी आपल्या उसाच्या वजनातून फिटते, हे विसरून चालणार नाही.

म्हणून सभासदांपुढे तीन गोष्टी मांडतो.

एक. ज्यांच्या घरातला मुलगा, भाऊ वा जावई पुण्याकडे, कोल्हापूरकडे किंवा आपल्याच तालुक्यात वर्कशॉप चालवतो, त्याने उद्यम नोंदणी केली आहे का हे विचारा. १ जुलै २०२० पासून ही नोंदणी आधार क्रमांकावर होते आणि तिला फी नाही. कोणी एजंट पैसे मागत असेल तर देऊ नका. नोंदणी नसेल तर ४५ दिवसांच्या तक्रारीला आधारच राहत नाही. १ एप्रिल २०२५ पासून मर्यादाही वाढल्या आहेत. यंत्रसामग्रीतील गुंतवणूक अडीच कोटी आणि उलाढाल १० कोटींपर्यंत असेल तर सूक्ष्म, २५ कोटी आणि १०० कोटींपर्यंत असेल तर लघु. म्हणजे आपल्या पोरांच्या बहुतेक शेड यात बसतात.

दोन. त्याला त्याच्या भागातल्या उद्योजकांच्या संघटनेत नाव घालायला सांगा. वर्गणी खर्चात धरू नये. आपण शेअर घेतला तेव्हा तो खर्च मानला होता का? आणि नुसते नाव घालून भागत नाही, बैठकीला जायला हवे. सभेला न येता फक्त साखर न्यायला येणारा सभासद जसा कारखान्याच्या उपयोगाचा नाही, तसाच तोही.

तीन. यंदाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत अहवाल हातात आला की नुसती उसाच्या दराची ओळ पाहू नका. २००६ च्या कायद्याप्रमाणे ज्या खरेदीदाराचे हिशेब ऑडिट होतात, त्याने सूक्ष्म आणि लघु उद्योगांचे वर्षअखेर थकलेले देणे व त्यावरचे व्याज ताळेबंदात दाखवावे लागते. ती ओळ शोधा. आकडा मोठा असेल तर उभे राहून विचारा. हा प्रश्न संचालक मंडळाला अडचणीत आणायला विचारायचा नाही, पुढच्या हंगामात आपली मिल अखंड चालावी म्हणून विचारायचा.

आमच्या त्या बिबवेवाडीच्या परिचिताने गेल्या वर्षी संघटनेत नाव घातले. त्याची जुनी येणी सगळी वसूल झालेली नाहीत. दोन गिऱ्हाइकांनी मात्र आता बिलाची तारीख लिहून द्यायला सुरुवात केली आहे, आणि नवे काम घेताना तो चलनावर उद्यम क्रमांक छापतो. सुरुवात लहान आहे. आपलीही अशीच लहान होती. टिपरीला डोळा असला की बेटाला वेळ लागतो, पण बेट होते.

मोळी पडण्याआधी ओव्हरहॉलिंगची बिले निघाली, तर यंदाचा गाळप हंगाम निम्मा जिंकला असे आम्ही समजू.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते